अवघडपणाचे गुण

"तुमचं काम अवघड आहे का?"

मी पेन उघडून विचारलं आणि अक्काताई आवळे तोंडाला पदर लावून हसल्या. दूध संघाच्या प्रयोगशाळेमागे एक पडवी होती, तिथे उपड्या क्रेटवर त्या बसल्या होत्या आणि समोरच्या स्टुलावर मी. बाजूच्या हौदात सकाळच्या नळ्या धुवायच्या पडल्या होत्या.

"अवघड कसलं ओ साहेब," त्या म्हणाल्या. "नळ्या तर धुयाच्या. बाईमाणसाला भांडी घासायचं अवघड वाटून चालंल का?"

"श्रम पडतात?"

"न्हाई."

"काही धोका?"

"आता कसला धोका. अकरा वरसं झाली. हाय ते बरं हाय."

मी फॉर्मवर लिहिलं, श्रम नाहीत, धोका नाही. त्या पंधरवड्यात मी एकशे अठरा माणसांना हेच प्रश्न विचारले. आपलं काम सोपं आहे म्हणणारं एवढं एकच माणूस मला भेटलं.

हे शहाऐंशी सालचं. मी संघाच्या आस्थापना विभागात कारकून होतो. बी.कॉम. झालेला, लग्नाला दीड वर्ष झालेलं, आणि जगात न्याय नावाची गोष्ट असते असं अजून वाटत असलेला. संघातल्या पगारांत तेव्हा कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. अध्यक्षांची जीप चालवणाऱ्याला बॉयलर सांभाळणाऱ्यापेक्षा जास्त पगार. एका संचालकांचा मेव्हणा गोदामात नुसता बसायचा, त्याला तिथली पोती उचलणाऱ्याच्या दीडपट. शेवटी युनियनने संपाची नोटीस दिली, तेव्हा संचालक मंडळाने पुण्याहून मोघे नावाचे एक सल्लागार बोलावले.

मोघेसाहेब गोरे, सडपातळ, मृदू बोलणारे. संघाच्या कँटीनमध्ये फळ्यावर त्यांनी चार शब्द लिहिले. कौशल्य, श्रम, जबाबदारी, धोका. प्रत्येकाला पंचवीस गुण. पगार माणसाचं तोंड बघून नाही, काम बघून ठरेल. ज्या कामाला जास्त गुण, त्याला जास्त पगार. मग एकाने दुसऱ्याच्या ताटात डोकवायचं कारण राहणार नाही. मला हे इतकं आवडलं की त्या रात्री मी बायकोला जेवताना सगळं समजावून सांगितलं. तिने विचारलं, स्वयंपाकाला किती गुण? मी हसण्यावारी नेलं.

मुलाखती घ्यायचं काम माझ्याकडे आलं. लोकांना वास लागला होता की गुण म्हणजे पैसे. मग काय विचारता. शीतगृहातले दोघे भर एप्रिलमध्ये स्वेटर, मफलर घालून मुलाखतीला आले. रखवालदाराने मला दोन नाग आणि एक हडळ सांगितली. टँकरच्या ड्रायव्हरने कोल्हापूर रस्त्यावरचे खड्डे नावानिशी सांगितले. आमचे हेडक्लार्क देशिंगे यांनी कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात या एका गोष्टीवर जबाबदारीची दीड पानं भरली. आणि मी हसतोय कुणाला? माझा स्वतःचा फॉर्म मी घरी नेऊन दोनदा कच्चा लिहिला आणि मग पक्का केला.

आता अक्काताईंचं काम सांगतो. गावोगावच्या दुधात स्निग्धांश किती हे काढायचं तर काचेच्या नळीत दूध घालून त्यात गंधकाचं ॲसिड ओतावं लागतं. नळी चुलीवरच्या पातेल्यासारखी तापते. फॅट मोजून झाली की ती गरम, काळी पडलेली घाण नळीतून ओतून टाकायची आणि नळी सोड्याच्या पाण्यात धुऊन परत द्यायची. दिवसाला तीनशे-साडेतीनशे नळ्या. फॅट मोजायचं काम विलास चौगुलेचं. ओतायचं आणि धुवायचं अक्काताईंचं. त्यांच्या लुगड्याला गुडघ्यापाशी चाळणीसारखी भोकं पडलेली होती आणि उजव्या हाताची नखं पिवळी, अर्धी झिजलेली. मुलाखत घेताना ते हात माझ्यासमोर मांडीवरच होते. मी ते पाहिले.

पण विलासची मुलाखत आदल्या दिवशी झाली होती. पोरगा हुशार, युनियनचा सेक्रेटरी. त्याने ॲसिडचा धोका व्यवस्थित मांडला होता आणि मोघेसाहेबांनी त्याला त्याचे एकोणीस गुण दिले होते. त्यांचा नियम असा की एकाच जागेतला एकच धोका दोन कामांत मोजायचा नाही, तो धोका जो हाताळतो त्याच्याच नावावर लावायचा. मी विलासला विचारलं होतं, ॲसिड हाताळतं कोण? तो म्हणाला, "मी. मावशी नुसत्या नळ्या धुतात." हे तो खोटं बोलला असं नाही. त्याला तसंच वाटत होतं.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता, निरीक्षकाचा अभिप्राय. कामगाराने सांगितलं त्याहून वेगळं काही मला दिसलं तर तिथे लिहायचं. त्यावर मोघेसाहेब दहापर्यंत गुण वाढवू शकत होते. अक्काताईंच्या फॉर्मवर मी तो कोरा सोडला. खरं तर बहुतेक फॉर्मांवर कोराच सोडला होता, कारण पहिल्या आठवड्यातच मोघेसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, कुंभोज्यांचे, म्हणजे माझे, फॉर्म सर्वांत स्वच्छ आहेत, यांत स्वतःची मतं नसतात. माझ्या आयुष्यात पुण्याच्या माणसाने केलेली ती पहिली स्तुती होती.

गुणांची यादी टाइप करायला माझ्याकडे आली तेव्हा सोबत मोघेसाहेबांचं संचालकांना लिहिलेलं पानभर पत्र होतं. वर 'गोपनीय' असा शिक्का. ज्या कामांना चाळीसपेक्षा कमी गुण मिळतील ती साधी कामं समजावीत आणि एक जूनपासून ठेकेदाराला द्यावीत. अशी अकरा माणसं होती. अक्काताईंना तेहतीस गुण.

ठेकेदार म्हणजे काय हे सांगायला नको. बारा रुपये रोजाचे सात होणार, फंड बंद, आणि अकरा वर्षं ज्या कायम होण्याच्या आशेवर काढली ती संपणार. अक्काताई विधवा होत्या. घरात एक अंथरुणाला खिळलेली सासू, दुसरं कुणी मिळवतं नाही.

मी मोघेसाहेबांकडे गेलो. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात ते पेपर वाचत होते. एखादं माणूस संकोचाने खरं सांगत नसेल तर काय करायचं, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढला. माझा प्रश्न त्यांनी मनापासून ऐकला, हे मला आजही कबूल करावं लागतं.

"कुंभोजे, आपण कुणाच्या मनातलं ओळखून गुण द्यायला लागलो, तर पूर्वीच्या पद्धतीत आणि आपल्यात फरक काय राहिला?" ते म्हणाले. "त्यांनी स्वतः सांगू दे. परवापर्यंत यादी माझ्याकडे आहे. त्या धोका आहे म्हणाल्या, की मी त्याच क्षणी बदलतो. फक्त पत्रातलं काही बाहेर जाता कामा नये. तुमच्या सहीने ते तुमच्याकडे आलंय."

माझ्या मनात आलं होतं की अभिप्रायाच्या रकान्यात आत्ता लिहून द्यावं. पण मग त्यांनी विचारलं असतं, पंधरवडाभर काय केलंत? नियमाप्रमाणे विलासचे गुण कापले गेले असते आणि युनियन माझ्या मागे लागली असती. आणि यादीत माझ्या नावापुढे अडुसष्ट होते. पासष्टच्या वर दुसरी श्रेणी. माझे फॉर्म पुन्हा तपासायला निघाले असते तर माझाही निघाला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत गेलो. अक्काताई हौदाशी वाकून नळ्या विसळत होत्या. मला पाहून त्या लगबगीने उठल्या, हात पदराला पुसले.

मी म्हटलं, "अक्काताई, त्या दिवशीचं पुन्हा एकदा विचारायचं होतं. काम खरंच अवघड नाही? हात भाजत नाहीत? नीट विचार करून सांगा."

त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माझी कुणी तक्रार केली का साहेब?"

"नाही, नाही. तसं काही नाही."

"नळीत घाण ऱ्हाती म्हनलं का कोण? इलासला इचारा. एक नळी माघारी आली न्हाई कवा."

"तक्रार नाही हो. मला फक्त एवढंच पाहिजे, त्रास होतो का?"

"मला जमतंय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण घाईघाईने बोलत होत्या. "काय बी त्रास न्हाई. आजून धा वरसं करीन. तुम्ही ल्ह्या तसं."

एक वाक्य बोलायचं होतं. अवघड आहे म्हणा, नाहीतर काम जाईल. सहा शब्द. आजूबाजूला कुणी नव्हतं, प्रयोगशाळेत विलासही नव्हता. मी म्हटलं, बरं, असू द्या, आणि कचेरीत परत आलो. येऊन स्वतःला सांगितलं की आपण आपल्या परीने विचारलं. दोनदा विचारलं. त्या दिवसांत मी फार दमलेला असे. दमलेल्या माणसाला स्वतःची समजूत लवकर पटते.

वीस मेला यादी फळ्यावर लागली आणि त्याखाली ठेक्याची नोटीस. चार दिवसांनी दुपारी तीनला, सकाळचं दूध आटोपून संध्याकाळचं यायच्या आत, युनियनने कँटीनमध्ये सभा बोलावली. लिहिणारा माणूस म्हणून इतिवृत्त माझ्याकडे. त्या अकरा जणांशिवाय सगळ्यांच्याच पगारात काही ना काही वाढ होती, त्यामुळे लोक खुशीत होते आणि खुशीत असल्याची थोडी लाजही होती. अकरा जण मागच्या बाकावर एकत्र बसले होते.

विलास उभा राहिला. त्याला महिना एकशे साठ रुपये वाढ मिळाली होती. त्याने सरळ ठराव मांडला. ज्यांना शंभरच्या वर वाढ मिळाली त्यांनी वाढीतला चौथा हिस्सा दर महिन्याला एका वेगळ्या फंडात द्यावा. पन्नास ते शंभरवाल्यांनी दहावा. त्याखालच्यांनी काही नाही. त्या पैशात हे अकरा जण संघाच्याच पटावर राहतील, आपण संचालकांना तसं लिहून देऊ. हिशेब त्याने करून आणला होता आणि तो बरोबर बसत होता.

मग बॉयलरवरचे कासीम मुजावर उठले. वयाने मोठे, सरळ माणूस.

"इलास, वीस वरसं मी त्या आगीसमोर हुबा हाय," ते म्हणाले. "आत्ता कुठं माझ्या कामाची किंमत झाली. ती माझी हाय का न्हाई, एवढंच सांग. माझी आसंल तर तिच्यावर तू पट्टी का बसवतो?"

"तुमचीच आहे चाचा," विलास म्हणाला. "पण किंमत ठरली कशी? तुम्हाला सांगता आलं, मला सांगता आलं. ज्यांना सांगता आलं नाही त्यांचं काम हलकं ठरलं. मला एकोणीस गुण ॲसिडचे मिळालेत. ते ॲसिड मी ओतून किती वेळ हातात धरतो? यादी लागली त्या दिवसापासून मी नळ्या मोजतोय."

हेडक्लार्क देशिंगे म्हणाले की आधीच सरकार कापतं, फंड कापतो, पतपेढी कापते, आता आपणच आपल्याला कापायचं म्हणजे कमाल झाली. विलास म्हणाला, सरकार कापतं ते कुठे जातं ते तुम्हाला दिसत नाही. हे मागच्या बाकावर बसलेलं दिसेल. त्यावर कुणी म्हणालं, आज अकरा, उद्या आणखी येतील. दुसरं कुणी म्हणालं, शिकायला नको कुणी सांगितलं होतं? तासभर असंच चाललं. जे बोलले ते कुणी वाईट नव्हते. प्रत्येकाच्या घरी त्या वाढीचं काय करायचं हे यादी लागली त्याच दिवशी ठरून गेलं होतं. आमच्याकडे शिलाई मशीन ठरलं होतं.

मतदानाची वेळ आली. मला वाटतं, ठराव थोडक्यात पास झाला असता. मुजावरचाचा मान खाली घालून बसले होते, आणि त्यांनी हात वर केला असता तर बॉयलर, गोदाम, टँकर, सगळ्यांनी केला असता. तेवढ्यात देशिंगे म्हणाले, "ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांना तर विचारा. त्यांना हवंय का?"

सगळे मागे वळले. अकरा जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अक्काताई उभ्या राहिल्या. एवढ्या माणसांत बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ असणार. डोक्यावरचा पदर सारखा केला, नजर जमिनीवर ठेवली.

"आमच्यापायी कुणाच्या लेकराच्या तोंडातलं काढू नगा," त्या म्हणाल्या. "माझं काय आडलं न्हाई. ठेकेदार आला तर त्याच्याकडं करीन. काम त्येच हाय."

मग टाळ्या वाजल्या. खूप वाजल्या. देशिंग्यांनी डोळे पुसले. बाईने कसा स्वाभिमान दाखवला, असं चहा पिताना लोक एकमेकांना सांगत होते. विलास तेवढा कागदाची घडी करत राहिला. टाळ्या मीही वाजवल्या, हे लिहायला हात जड होतो, पण वाजवल्या. मग इतिवृत्तात लिहिलं, 'संबंधित कामगारांनीच मदत नाकारल्यामुळे ठराव मागे घेण्यात आला.' हे वाक्य वाचून सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अक्काताई फंडाचा हिशेब घ्यायला कचेरीत आल्या. मी पावती काढली, शाईचा पॅड पुढे ठेवला. त्यांनी उजवा अंगठा टेकवला. पावतीवर नुसता निळा डाग उठला, रेषा एकही नाही. मी पुन्हा टेकवायला सांगितलं. पुन्हा तसाच डाग. डाव्याचा घेतला, तोही तसाच. अंगठ्यांना रेषाच राहिल्या नव्हत्या. रेषा दिसत नसतील तर बँक पावती परत पाठवते, म्हणून मी बाजूला लिहिलं, 'कामामुळे हात झिजल्याने ठसा उमटत नाही, समक्ष पाहिले', आणि खाली माझी सही केली.

त्यांनी पैसे कमरेच्या पिशवीत ठेवले, पण उठल्या नाहीत.

"साहेब, एक इचारू? इलास म्हनला की कागदावर आवघड हाय म्हनले आसते तर माझं ऱ्हायलं आसतं. खरं हाय का?"

"खरं आहे," मी म्हणालो. एवढं तरी मला खोटं बोलता आलं नाही.

त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ बोलल्या, माझ्याकडे न बघता. तरुणपणी त्या तंबाखूच्या वखारीत होत्या. तिथे मुकादम रोज सकाळी दारात उभा राहून बायका निवडायचा आणि निवडताना विचारायचा, काल जड गेलं का गं? जी हो म्हणायची तिला त्या दिवशी आत घेत नसत. एकदा त्यांच्या अंगात ताप होता आणि तोंडातून हो निघून गेलं, तेव्हा आठ दिवस दारातून परत फिरावं लागलं होतं. त्यानंतर आयुष्यात कुणाही साहेबाने विचारलं तरी त्या सोपं हाय म्हणत आल्या. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकीलाही त्यांनी तेच शिकवलं होतं. "आमाला काय ठावं," त्या म्हणाल्या, "हितं आवघडाचं पैसं मिळत्यात."

मी पावत्यांचा गठ्ठा उगाच सारखा केला.

"तुम्ही पुन्यांदा इचाराय आला हुता न्हवं," त्या म्हणाल्या, "तवा तुम्हाला ठावं हुतं?"

"काय?"

"माझं जानार म्हनून."

"नाही," मी म्हणालो.

"मला वाटलंच," त्या उठत म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच सुटल्यासारखं दिसलं. "मी इलासला म्हनलं बी. ठावं आसतं तर त्या साहेबांनी सांगितलं आसतं."